सगुणाबाईंचा आवाज, निवृत्तीचं गाणं

पंचवटीत मालेगाव स्टँडच्या बाजूला निवृत्ती गायधनीचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. समोरून दिवसभर रिक्षा, टेम्पो, एसट्या जात. त्या गोंगाटात एखादी जीप दुकानासमोर मंदावली की निवृत्तीच्या हातातला पेचकस जागच्या जागी थांबे. जीप पुढे गेली की पुन्हा फिरू लागे. बाकड्यावर बसलेल्या गिऱ्हाइकाला यातलं काही कळत नसे. त्याची बायको ललिता मात्र ओळखायची, पण बोलून दाखवायची नाही.

हे सत्याण्णव सालापासूनचं. त्याआधी दुकानावर 'सूर रेकॉर्डिंग सेंटर' अशी पाटी होती. लोक आपल्या आवडीची गाणी चिठ्ठीवर लिहून आणत आणि निवृत्ती त्या क्रमाने कॅसेट भरून देई. तरुणपणी त्याने लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं होतं. त्याचा कान तयार होता. कोणत्या गाण्यामागून कोणतं शोभेल हे त्याला सांगावं लागत नसे. गावोगावच्या रेकॉर्डिंग सेंटरांत हेच चालायचं. यात काही गुन्हा आहे, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

मग एका दुपारी पोलिसांची जीप आली. बरोबर एका कॅसेट कंपनीचा माणूस होता. भरलेल्या कॅसेटी पोत्यात गेल्या, त्यांच्यामागून कॅसेट भरायचे दोन्ही डेक गेले, आणि शेवटी शेजारपाजारचे दुकानदार ओट्यावर उभे राहून बघत असताना निवृत्तीही जीपमध्ये जाऊन बसला. संध्याकाळी जामीन झाला. खटला मात्र मागे लागला तो लागलाच. तारीख पडे, साक्षीदार येत नसे, पुढची तारीख पडे. निवृत्तीने पाटी उतरवली आणि दुरुस्तीचं काम धरलं. ललिता अंबडला स्विच बनवणाऱ्या कारखान्यात जाऊ लागली होती, तिच्या जिवावर घर सावरलं. पण निवृत्तीची भीती काही गेली नाही. फोन वाजला की तो आधी ललिताकडे बघायचा. साधं वीजबिल आलं तरी ते दोनदा वाचायचा. गाणं ऐकणं त्याने जवळपास सोडून दिलं होतं. कुठलंही गाणं कानावर पडलं की ते कुणाच्या तरी मालकीचं आहे, एवढंच त्याला आठवे.

अशी पाच वर्षं गेली आणि एक दिवस मनमाडहून सावळीराम आला.

सावळीराम भंगाराचा धंदा करायचा. रेल्वेच्या जुन्या बंगल्यांतलं सामान निघालं की तो उचलायचा. त्याने एक चावीचा ग्रामोफोन आणि तबकड्यांचा एक खोका दुकानात आणून टाकला. "हे चालू करून दे. एक शेठ मागतोय शोभेला. तबकड्यांचं काय ते तू बघ, मला ओझं नको."

ग्रामोफोन दुरुस्त झाल्यावर तपासायला म्हणून निवृत्तीने खोक्यातली वरचीच तबकडी लावली. आधी नुसती खरखर, पातेल्यात राई तडतडावी तशी. मग तिच्या आतून एका बाईचा आवाज वर आला. बैठकीची लावणी होती, 'सांज दिव्याला हात लाविता कंप सुटे का बाई'. आवाज पातळ नव्हता, गोडही नव्हता. त्याला एक धार होती, आणि 'कंप' या शब्दावर ती बाई आवाज खरोखरच थोडा थरथरवून सोडून देत होती, जणू सहज घडलं. तीनेक मिनिटांत गाणं संपलं. साथीची सारंगी थांबली. आणि सुई शेवटाला जाणार तेवढ्यात तीच बाई गाण्याच्या नाही, बोलण्याच्या आवाजात, जरा घाईने पण ठणठणीत म्हणाली, "मी सगुणाबाई येवलेकर."

निवृत्तीने सुई उचलली आणि पुन्हा सुरुवातीला ठेवली. त्या दिवशी त्याने दुसरं काम केलं नाही.

त्याचा भाचा दीपक सिडकोत कॉम्प्युटरचे क्लास चालवायचा. जुन्या फोटोवरचे डाग काढावेत तशी आवाजावरची खरखर कॉम्प्युटरवर काढता येते, हे त्याच्याकडून निवृत्तीला कळलं. क्लास सुटले की रोज तासभर मामा तिथे जाऊन बसू लागला. तबकडी त्याने कॉम्प्युटरमध्ये घेतली. खरखर काढता काढता त्याला आवाजाचा आलेख पडद्यावर दिसू लागला, डोंगरांच्या रांगेसारखा. त्यातला एखादा डोंगर उचलून दुसरीकडे ठेवता येत होता. तो 'कंप' त्याने वेगळा काढला, लांबवला, एकावर एक असा तीन वेळा ठेवला. मग त्याच्याखाली स्वतःचं क्लॅरिनेट वाजवून भरलं. घरच्या माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेलं ते वाद्य, त्याच्या सांध्यांवरची बुचं सुकून गेली होती, तरी वाजलं. जे तयार झालं ते जुनं गाणं नव्हतं, आणि नुसतं नवंही नव्हतं.

"मामा, हे भारी झालंय," दीपक म्हणाला.

"कुणाला ऐकवू नको," निवृत्ती म्हणाला.

पण ऐकवलं गेलंच. किशोर नावाचा एक बँकेतला माणूस होता, हौशी नाटकं बसवायचा. तो अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला घेऊन आला तेव्हा निवृत्ती हेडफोन लावून बसला होता. किशोरने सहज विचारलं, निवृत्तीने सहज त्याच्या कानाला लावला, आणि लावल्याबरोबर त्याला पश्चात्ताप झाला. किशोरने डोळे मिटून सगळं ऐकलं.

"निवृत्तीभाऊ, राज्य नाट्य स्पर्धेला नाटक करतोय. एका स्टेशनमास्तरच्या घरातली गोष्ट आहे. मला पार्श्वसंगीत मिळत नव्हतं. हे द्या."

"हे माझं नाही."

"मग कुणाचं?"

दुसऱ्या दिवशी निवृत्ती आपल्या वकिलांकडे गेला. सानप वकील त्याचा खटला पहिल्यापासून लढवत होते आणि त्याच्या घाबरटपणाची त्यांना सवय झाली होती.

"ध्वनिमुद्रण बाजारात आलं, त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची," सानप म्हणाले. "साठ संपली की त्यावर कुणाचा हक्क राहत नाही. गावातल्या पिंपळासारखं. सावलीत कुणीही बसावं."

"आणि गाण्याचे शब्द? चाल?"

"लावणी पारंपरिक आहे म्हणतोस ना? कर्त्याचं नाव नाही. मग झालं."

"आणि कुणी येऊन म्हणालं, पिंपळ आमच्या वाडवडिलांनी लावलाय, तर?"

"म्हणू दे."

"पोलिसांना घेऊन आला तर?"

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझ्या डोक्यावर एक खटला आहे, म्हणून काळजी घ्यायची, एवढंच. तबकडी किती सालची ते पक्कं कर आणि निर्धास्त जा."

निर्धास्त जाणं निवृत्तीच्या हातात नव्हतं, पण साल पक्कं करणं होतं. तबकडीवर साल छापलेलं नव्हतं. त्याने पुण्याच्या एका जुन्या संग्राहकाला फोन केला आणि तबकडीवर कोरलेला आकडा वाचून दाखवला. पंचवीस सालची, फार तर सव्वीस, असं तिकडून उत्तर आलं. "नक्की?" निवृत्तीने विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो गृहस्थ म्हणाला, "अहो, चाळीस सालची धरली तरी सुटली. तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटतेय?" निवृत्तीने फोन ठेवला.

त्याने किशोरला होकार दिला. ललिता म्हणाली होती, "द्या. इतक्या वर्षांत तुम्ही घरात पहिल्यांदा गुणगुणलात."

नाटकात रेल्वे होती, म्हणून निवृत्तीला यार्डातले आवाज हवे होते. तो मनमाडला गेला, पिशवीत छोटा टेपरेकॉर्डर लपवून. मालगाडीचे डबे एकमेकांना जोडताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धडाधड जी लाट जाते, ती त्याला पकडायची होती. ती मिळाली आणि तेवढ्यात रेल्वे पोलिसाने हटकलं. "पिशवीत काय?" आपण टेपरेकॉर्डर दुरुस्त करतो आणि हा दुरुस्त झाला की नाही ते बघतोय, असं तो काहीतरी बोलला. पोलिसाने त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं आणि फाटकाबाहेर जायला सांगितलं. परतीच्या एसटीत तो चांदवडपर्यंत मागे वळून वळून बघत होता. पण डब्यांचा आवाज पिशवीत होता.

ते डबे त्याने सगुणाबाईंच्या आवाजाखाली घातले. स्टेशनमास्तरची बायको एकटी घरात वाट बघत असते त्या प्रवेशात आधी दूरवर डबे आदळत, मग क्लॅरिनेटचा एक लांब स्वर, आणि त्यातून 'कंप सुटे का बाई'. नाटकाच्या अगदी शेवटी, अंधार झाल्यावर, फक्त बोलण्यातला आवाज यायचा: "मी सगुणाबाई येवलेकर." ही कल्पना किशोरची. तो म्हणाला होता की स्टेशनमास्तरच्या बायकोला नाटकभर कुणी नावाने हाक मारत नाही, म्हणून शेवटी एका बाईने आपलं नाव सांगावं.

स्पर्धेचा प्रयोग झाला. पार्श्वसंगीताचं पारितोषिक मिळालं. स्टेजवर जाताना निवृत्तीने टाळ्या ऐकल्याच नाहीत, पहिल्या रांगेत कुणी खाकी कपड्यातलं आहे का ते तो बघत होता. दोन दिवसांनी स्थानिक वर्तमानपत्रात छोटा मजकूर आला. तबकडी कशी सापडली, गायिका कोण. त्यात नाव छापलं होतं: सगुणाबाई येवलेकर.

त्याच आठवड्यात दुकानासमोर एक जीप थांबली.

उतरलेला माणूस पोलीस नव्हता. साठीकडे झुकलेला, पांढरा सदरा, टोपी, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. बाकड्यावर बसला, पाणी नको म्हणाला.

"मी कारभारी. येवल्याचा. कांद्याचा व्यापार हाय माझा. हे तुम्ही छापलंय?"

"मी नाही छापलं. पण गाणं मी केलंय," निवृत्ती म्हणाला.

"सगुणाबाई माझ्या आईची आई," कारभारी म्हणाला. "ती काय करत व्हती, कुठं गात व्हती, हे आमच्या घरात कुनी बोलत नाय. आईचं लगीन झालं तवाच ते गाडून टाकलंय. माझी पोरगी हाय, निकिता. तिची सोयरीक जमायला आली हाय, मानूस लय मोठा हाय समोरचा. आन् आता तुम्ही थेटरात माझ्या आजीचं नाव पुकारून ऱ्हायले."

"तबकडी जुनी आहे. कायद्याने तिच्यावर कुणाचा…" निवृत्ती बोलून गेला.

"मला कायदा नका सांगू," कारभारी शांतपणे म्हणाला. "मी कोर्टात जायाला आलो नाय. तुम्हाला इनंती करायला आलो. म्हनून एकटा आलो."

जीप गेली तरी निवृत्तीने पेचकस उचलला नाही. पोलीस घेऊन येणाऱ्या माणसाची त्याने इतकी वर्षं वाट बघितली होती, आणि आला तो विनंती करणारा. त्याला सानप वकिलांचं वाक्य आठवत होतं, पण त्याचा काही उपयोग होत नव्हता. पिंपळाखाली कुणीही बसावं हे खरं. पण त्याच पिंपळाखाली कुणाचं तरी काही पुरलेलं असलं तर काय करायचं, ते वकिलांनी सांगितलं नव्हतं. आणि त्याच्याही खाली, तळाला, जुनी भीती होतीच: हा माणूस आज एकटा आला, उद्या चार माणसं घेऊन येईल.

दुसऱ्या दिवशी तो दीपककडे गेला आणि शेवटचं वाक्य कापून टाकलं. कापायला क्षणही लागला नाही. पडद्यावर शेवटचा छोटा डोंगर होता, तो नाहीसा झाला.

किशोर चिडला. महिनाभराने कालिदास कलामंदिरात नाटकाचा पुन्हा प्रयोग ठरला होता. "शेवट मेला नाटकाचा. तुम्हाला कायदा माहीत आहे, तरी?"

"कायदा माहीत आहे," निवृत्ती म्हणाला. "पण त्यांना येवल्यात राहायचंय, तुला नाही."

ललिता मूळची येवल्याचीच, विणकराची मुलगी. रविवारी भाकरी थापताना ती म्हणाली, "मी विचारून घेतलं माहेरी. कारभारींची आई अजून आहे. वत्सलाबाई. ऐकायला येतं तिला. तुम्ही गाण्यातून नाव काढलंय तर जाऊन सांगून या ना घरी. म्हणजे तुमच्याही जिवाला थारा मिळेल."

निवृत्तीला ते पटलं. अपराध केल्यासारखं जे वाटत होतं ते सांगून टाकल्याने हलकं होईल, असा त्याचा हिशेब. दोघं एसटीने येवल्याला गेले. बरोबर दीपकने दिलेला छोटा सीडी प्लेअर.

कारभारींचं घर नवं, सिमेंटचं, पुढे ट्रॅक्टर उभा. कारभारीने त्यांना बसवलं. नाव काढल्याचं ऐकून त्याचा चेहरा सैल झाला. "लय उपकार झाले," तो म्हणाला आणि चहा सांगितला. तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. बारीक, ताठ, नऊवारीतली. तिने विचारलं, "कोन हाय रं?"

"नाशिकचे पाव्हने हायत, आई. टेपवाले."

"गान्याचं हाय का?" वत्सलाबाई म्हणाल्या. "निकितानं वाचून दाखवलं मला पेपरातलं."

आईला माहीत आहे हे कारभारीला माहीत नव्हतं.

वत्सलाबाई येऊन निवृत्तीसमोर खाली बसल्या. "लाव," एवढंच म्हणाल्या.

निवृत्तीने कारभारीकडे बघितलं. कारभारी जमिनीकडे बघत होता. निवृत्तीने बटण दाबलं. डबे आदळले तशा वत्सलाबाई दचकल्या, मग क्लॅरिनेट आलं, मग त्यांच्या आईचा आवाज. त्यांनी डोळे मिटले नाहीत, रडल्याही नाहीत. मान किंचित तिरकी करून, पोथी ऐकावी तशा ऐकत राहिल्या. आवाज एकावर एक आला तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी पडली. गाणं संपलं. त्या तशाच बसून राहिल्या, पुढचं काही यायचं आहे अशा.

"नाव कुठं गेलं?" त्यांनी विचारलं.

निवृत्तीला कळलं नाही. "काय आजी?"

"आईचं नाव. तबकडीत शेवटी नाव हाय तिचं. ममईला गेली व्हती भरायला. मी लहान व्हते, मला ठावं नाय, पर ती सांगायची. सायबानं सांगितलं, गानं झालं की कर्न्यात तोंड घालून नाव सांग, मंजी तिकडं तबकडी छापनाऱ्यांना कळंल कुनाचं हाय. ती आठ दिस घरात नुसतं नावच म्हनत व्हती. पानी भरताना बी. नाव बोलायचं तिला गान्यापरीस भ्या वाटायचं. आन् नेमकं त्येच नाय ह्यात."

"मी काढलं आजी," निवृत्ती म्हणाला.

"का?"

त्याने पुन्हा कारभारीकडे बघितलं. वत्सलाबाईंनीही बघितलं, आणि त्यांना समजलं. त्या मुलावर रागावल्या नाहीत. "ह्याला वाटतं नाव गाडलं की मानूस बी गाडलं जातं," त्या म्हणाल्या. "लगीन झालं तवा माज्या सासऱ्यानं बी म्हनलं, आईचं नाव घ्यायचं नाय. मी नाय घेतलं. ती मेली तरी नाय घेतलं. साठ वर्सं व्हऊन गेली आसतील." मग निवृत्तीला म्हणाल्या, "तिनं आपल्या तोंडानं सांगितलंया. तू कोन काढनारा? घाल परत."

"आई, निकिताची सोयरीक…" कारभारी म्हणाला.

"निकितालाच इचार."

कारभारी उठला आणि बाहेर ट्रॅक्टरपाशी जाऊन उभा राहिला. निघताना निवृत्ती त्याच्याशी बोलायला थांबला, पण त्याने मान फिरवली.

परतीच्या एसटीत निवृत्ती हिशेब मांडत बसला. नाव ठेवलं तर मुलगा दुखावतो, काढलं तर आई. आणि आपण ते काढलं ते कुणाला दुखवू नये म्हणून, की आपली भीती टळावी म्हणून? हे त्याने ललिताला मोठ्याने विचारलं.

ललिता खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दोन्ही असेल. पण म्हातारीला नाव हवंय, ते आता तुम्ही ऐकून आलात."

त्याने नाव परत घातलं. काढताना कळलं नव्हतं, घालताना मात्र त्याने तीनदा थांबून ऐकलं. त्याची एक सीडी ललिताच्या माहेरच्यांकरवी वत्सलाबाईंना पोचवली. कालिदासला प्रयोग होता त्या संध्याकाळी तो ध्वनियंत्रणेच्या खोलीत स्वतः बसला. काचेतून त्याला प्रेक्षक दिसत होते आणि तो एकेक टोपी न्याहाळत होता. मध्यंतरात त्याने दाराबाहेर जाऊन रस्त्यावर कुठे जीप उभी आहे का ते बघितलं. दोन होत्या. तो परत आत येऊन भिंतीला टेकला. किशोरने पाणी दिलं. "भाऊ, घरी जाता का? दीपक बघेल."

"नाही," निवृत्ती म्हणाला. "मीच लावतो."

शेवटचा अंधार झाला. त्याने बटण दाबलं. "मी सगुणाबाई येवलेकर," असं ती बाई म्हणाली, आणि सभागृहात एवढी शांतता होती की निवृत्तीला खोलीतल्या पंख्याची घरघर ऐकू आली. मग टाळ्या पडल्या. कुणी उठलं नाही, कुणी ओरडलं नाही. दोन्ही जीपगाड्या लग्नाच्या वऱ्हाडाच्या होत्या, हे त्याला घरी जाताना कळलं.

पण भीती तिथे थांबली नाही. दोन महिन्यांनी ललिताच्या माहेराहून बातमी आली की निकिताची सोयरीक मोडली.

निवृत्ती जेवला नाही. आपण एका मुलीचं आयुष्य बिघडवलं, यापलीकडे त्याला काही सुचेना. दीपककडे जाणं त्याने बंद केलं. खोक्यातल्या बाकीच्या तबकड्या कापडात गुंडाळून पलंगाखाली ढकलल्या. सानप वकिलांनी सांगितलं, त्याच्या गाण्याचा आणि सोयरिकीचा कायद्याने काडीचा संबंध लागत नाही. निवृत्ती म्हणाला, "कायद्याने नाही साहेब." आणि मग, कुणी न सांगता, त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा भीतीच्या दिशेने पाऊल टाकलं. तो एकटाच येवल्याला गेला.

कारभारी बाजार समितीत लिलावात होता. कांद्याच्या ढिगांमधून निवृत्ती त्याच्यामागे चालत राहिला. लिलाव संपल्यावर कारभारीने वळून बघितलं.

"शेठ, मी माफी मागायला आलोय. माझ्या गाण्यामुळे निकिताचं…"

कारभारी त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने टोपी काढून डोकं पुसलं. "तुमच्या गान्यामुळं? अहो, ते मानपानावरून मोडलं. त्यांच्या मामाला फेटा बांधायचा राहिला म्हनून. तुमचं नाटक नाशकात चार मानसांनी बघितलं आसल. त्यांना सगुणाबाई कोन हे बी ठावं नाय."

एवढा डोंगर छातीवर घेऊन निवृत्ती आला होता, आणि डोंगर त्याचा नव्हताच. सुटल्यासारखंही झालं आणि कुठेतरी थोडं लागलंही.

दोघं ढिगाच्या कडेने चालत फाटकापर्यंत आले. कारभारी म्हणाला, "मी तुमच्यावर चिडलो व्हतो. अजून बी बरं वाटत नाय मला. खोटं कशाला बोलू. पर आई रोज लावायला सांगती ते. निकितानं मशीन आनलं तिला." तो जरा घुटमळला. "एक करता येईल का? ते डब्यांचे आवाज जरा कमी करा. आई म्हनती, तिच्या आईच्या गान्यावर कुनी टिपाडं बडवून ऱ्हायलंय."

निवृत्ती हसला. कितीतरी वर्षांनी असा मोकळा हसला की त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

त्याने वत्सलाबाईंसाठी वेगळं गाणं केलं. डबे पार काढून टाकले, क्लॅरिनेट मागे नेलं, आवाज एकावर एक ठेवलेले सुटे केले. सीडी त्याने स्वतः नेऊन दिली नाही. निकिता नाशकात बीएडला होती, ती दुकानात येऊन घेऊन गेली. तिने थोडा वेळ बसून मूळ तबकडी बघितली, खाचांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "काका, आजी म्हणते सारंगी वाजवणाऱ्याने नाव सांगितलं नाही, त्याचं कुणी विचारलं का?" निवृत्तीने ते नाव पुष्कळ शोधलं, पण मिळालं नाही.

वत्सलाबाई दोन वर्षांनी गेल्या. निवृत्तीचा खटला त्यानंतर केव्हातरी निकालात निघाला. पुराव्याअभावी तो सुटला. त्या दिवशी ललिताने शिरा केला. निवृत्ती म्हणाला, "त्यांनी वर अपील केलं तर?" आणि ललिताने त्याच्या ताटात आणखी शिरा वाढला.

खोक्यातल्या तबकड्या त्याने पलंगाखालून बाहेर काढल्या. एकेक ऐकत गेला आणि त्यांतल्या पाच-सहांवर त्याने नवी गाणी केली. कुठे भजनाच्या मागे येवल्याच्या हातमागाचा धोटा ये-जा करायचा, कुठे नाट्यपदाखाली गोदावरीवर कपडे धुणाऱ्या बायकांचे धपाटे. काही नाटकांत वाजली, काही आकाशवाणीवर. प्रत्येक वेळी तो आधी सानप वकिलांकडे जायचा आणि तोच प्रश्न विचारायचा. वकील तेच उत्तर द्यायचे. मग तो गायक किंवा गायिका ज्या गावची, त्या गावी जायचा आणि कुणी उरलंय का ते विचारत फिरायचा. बहुतेक वेळा कुणी उरलेलं नसे. कधी एखादं दार उघडायचं, आणि ते उघडेपर्यंत, कडीचा आवाज ऐकत, निवृत्ती गायधनी घाम पुसत उंबऱ्यापाशी उभा असायचा.